शाळेआधीची टेकडी : शाळेला जाऊ न शकणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

निहार (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पाचवीत होता. पुण्याच्या पश्चिम भागातली मराठी माध्यमाची शाळा, दुपारची, पावणेबारा ते साडेपाच. घरी आई, बाबा आणि आजोबा. आई एका खाजगी कंपनीत हिशेब बघते, निम्मे दिवस घरून. बाबांचं काम फिरतीचं. आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाणारे आणि तिथल्या कट्ट्यावर राजकारणावर तावातावाने बोलणारे.

ऑक्टोबरमध्ये आईला डेंग्यू झाला. एका दुपारी प्लेटलेट्स एकदम खाली आल्या, आजोबांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बाबा नागपूरला. निहारला कुणी आणायचं, हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळेच्या रिक्षाकाकांनी नेहमीप्रमाणे त्याला फाटकाशी सोडलं. तो वर गेला तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू येईपर्यंत तो जिन्यात बसून होता. आई पाच दिवसांनी घरी आली, महिनाभरात पूर्ण बरी झाली. दिवाळीचा फराळही तिने स्वतः केला.

मी या प्रकरणातली समुपदेशक. त्या कुलपाची गोष्ट मला पहिल्या दोन भेटींत कुणीही सांगितली नव्हती. घरच्यांच्या लेखी आजारपण संपलं होतं आणि मुलगा 'त्या दिवशी शहाण्यासारखा वागला' होता.

नेमकी अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि निहारचं पोट दुखायला लागलं. साडेनऊच्या सुमाराला कळ सुरू व्हायची, अकरापर्यंत तो पोटाशी पाय घेऊन पडलेला असायचा. शाळेत गेलाच तर छोट्या सुट्टीत ऑफिसमध्ये येऊन "आईला फोन लावा" म्हणायचा. फोन लागला नाही तर रडून ओकारी काढायचा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातले जेमतेम दोन दिवस हजेरी उरली, नाताळच्या आधीच्या आठवड्यात तीही गेली.

बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखत नाही, हे आजोबांच्या लगेच लक्षात आलं आणि घरात 'नाटकं' हा शब्द सुरू झाला. पालकांशी बोलताना माझा बराच वेळ या एका शब्दावर जातो. चिंतेने दुखणारं पोट खरंच दुखतं. आतडी आवळतात, भूक मरते, मळमळतं. रविवारी दुखत नाही याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा होत नाही. रविवारी आई दिवसभर डोळ्यांसमोर असते, एवढाच त्याचा अर्थ.

बालमनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं ते ताटातुटीच्या चिंतेचं. मी शाळेत असताना आईला काहीतरी होईल आणि मला कळणारही नाही, ही ती भीती. कुलपाची गोष्ट तिथे पहिल्यांदा बाहेर आली, तीही निहारने चित्र काढताना सहज सांगितली म्हणून.

दुपारच्या शाळेने यात भर घातली होती. सकाळच्या शाळेचं मूल झोपेतून उठून थेट बसमध्ये चढतं. दुपारच्या शाळेच्या मुलाला भीती वाढवायला चार तास मोकळे मिळतात. निहार आठला उठायचा, मोबाइल घेऊन लोळायचा आणि घड्याळ बघायचा. शाळा चुकली की आई लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसायची, दीड-दोनपर्यंत पोट शांत व्हायचं. पोट दुखलं की आई मिळते, असा हिशेब कुणी मुद्दाम मांडला नव्हता, पण तो बसत मात्र गेला होता.

कोणते पर्याय होते

बाबांना शाळा बदलायची होती. शाळेच्या मुख्याध्यापिकांना वाटत होतं की वर्षअखेरपर्यंत घरून अभ्यास करू द्यावा, परीक्षेपुरतं यावं. दोन्ही सूचना प्रेमापोटी आल्या होत्या आणि दोन्हींनी नुकसान झालं असतं. चिंतेमुळे शाळा सुटलेल्या मुलाच्या बाबतीत दिवस जितके जास्त जातात तितकं परतणं अवघड होतं. टाळल्यावर जो सुटकेचा श्वास मिळतो, तोच पुढच्या टाळण्याला खतपाणी घालतो. औषधाबद्दल तज्ज्ञांचं मत स्पष्ट होतं : आधी समुपदेशन आणि पायरीपायरीने शाळेत परत आणणं, सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर औषधाचा विचार.

टेकडीचा विषय आजोबांनी काढला. "पोराला मोकळ्या हवेत न्या, सगळं बरं होईल," हे त्यांचं मत. 'सगळं' या शब्दाशी मी सहमत नव्हते, पण कल्पना बाजूला टाकण्यासारखी नव्हती.

निसर्ग आणि मुलांचं मन यावर अलीकडे व्हॉट्सॲपवर फार काही फिरतं, म्हणून यातलं खरोखर काय माहीत आहे ते आम्ही घरच्यांबरोबरच्या बैठकीत आधी सांगून टाकलं. डेन्मार्कमध्ये २०१९ साली नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बालपणी ज्यांच्या घराभोवती सर्वांत कमी हिरवाई होती, त्यांच्यात पुढे मानसिक आजारांचं प्रमाण, सर्वाधिक हिरवाईत वाढलेल्यांच्या तुलनेत, काही आजारांत ५५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसलं. घरची आर्थिक स्थिती आणि आईवडिलांचे आजार हिशेबात धरूनही हा फरक उरला. तरी हा संबंध आहे, उपचाराचा पुरावा नाही. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा, हा जो आकडा सगळीकडे दिसतो तो इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीतून आला आहे आणि ती पाहणी प्रौढांची होती. दहा वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लावायचं कारण नाही. एकाग्रतेची अडचण असलेल्या मुलांवर २००९ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. बागेतून २० मिनिटं चालून आल्यावर त्यांचं लक्ष शहरी रस्त्यावरून चालून आल्यापेक्षा चांगलं लागलं. पण त्यात मुलं फक्त १७ होती आणि निहारची अडचण एकाग्रतेची नव्हतीच.

मग टेकडी कशासाठी? आमच्यापुरती उत्तरं अगदी व्यवहारी होती. सकाळचे ते रिकामे तास भरतील. लवकर उठल्याने, उजेडात चालल्याने झोप जागेवर येईल. तो रोज तासभर आईपासून लांब राहील, तेही कुणी 'आज तुला आईशिवाय राहायचंय' असं न सांगता. आणि तिथे त्याच्यावर कसलीही कामगिरी करून दाखवायची वेळ येणार नाही.

शनिवार-रविवारी ताम्हिणीला किंवा एखाद्या रिसॉर्टवर नेण्याचा प्रस्तावही होता. तो मागे पडला. लांबची सहल वर्षातून चारदा होते. आम्हाला रोजचं, थोडंसं कंटाळवाणं झालं तरी चालेल असं काहीतरी हवं होतं.

बक्षीस द्यायचं की नाही

सर्वांत जास्त वाद इथे झाला. बाबांचं म्हणणं होतं, "आठवडाभर शाळेत गेला तर रविवारी टेकडी, नाहीतर नाही. पोरांना किंमत कळली पाहिजे." बऱ्याच घरांत हे असंच चालतं आणि गृहपाठाच्या बाबतीत चालूनही जातं. इथे मात्र ज्या दिवशी मूल सर्वांत जास्त घाबरलेलं असेल, नेमकी त्याच दिवशी टेकडी हातची गेली असती. म्हणून ठरलं की टेकडी दात घासण्यासारखी असेल : काल शाळेत काय झालं त्याच्याशी तिचा संबंध नाही.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. शाळेच्या वेळेत टेकडी नाही. पावणेबारानंतर तो घरी राहिलाच तर मोबाइल बंद, टीव्ही बंद, आई आपल्या कामात. नाहीतर शाळा चुकवली की छान भटकायला मिळतं, असा नवा हिशेब बसला असता आणि टेकडीनेच आजार वाढवला असता. निसर्गाच्या नावाखाली शाळा टाळायला मदत झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत. पालकांना सुटका वाटते, मूलही आनंदात दिसतं आणि दोन महिन्यांनी प्रश्न दुप्पट होऊन परत येतो.

आजोबांशी करार वेगळा होता. त्यांना प्रत्येक झाडाशी थांबून "हे कुठलं? सांग बघू," असं विचारायची सवय. मी म्हटलं, प्रश्न विचारायचे नाहीत. तो विचारेल तेव्हा सांगा.

"मग बोलायचं काय, मॅडम?"

"नाही बोललात तरी चालेल."

"अहो, तासभर?"

पहिले काही दिवस त्यांनी हे कसं निभावलं ते तेच जाणोत. कट्ट्यावरच्या मंडळींनाही त्यांनी दम भरला होता : पोराला शाळेचं विचारायचं नाही.

प्रत्यक्षात काय घडलं

जानेवारीत पुण्यात उजाडायलाच सात वाजतात. लूटमारीच्या बातम्या अधूनमधून येतात म्हणून आजोबा उजाडल्याशिवाय आणि ओळखीची दोन-चार माणसं असल्याशिवाय चढत नसत. पहिल्या दिवशी निहार अर्ध्या चढावर थांबला. छाती धडधडतेय, कसंतरी होतंय, घरी जाऊया. शाळेच्या दारात त्याला जे व्हायचं, अगदी तेच. आजोबा शेजारच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "घाटात गाडी गुरगुरणारच रे. बिघडली म्हणून नाही, चढ आहे म्हणून." दोन मिनिटांत धडधड कमी झाली. पुढचा चढ, पुन्हा तेच.

हे वाक्य आजोबांनी सहज टाकलं होतं, पण सत्रांमध्ये आम्हाला ते फार उपयोगी पडलं. चिंता असलेलं मूल शरीरातल्या प्रत्येक बदलाचा अर्थ 'आता काहीतरी वाईट होणार' असा लावतं. चढावर तेच बदल रोज होतात, रोज निवतात आणि वाईट काही होत नाही. धडधड झाली तरी ती आपोआप उतरते, हे मला टेबलाशी बसून समजावून देता आलं नसतं. पुढे शाळेच्या जिन्यात त्याला कसंतरी झालं की तो स्वतःच म्हणायचा, "घाट लागला."

मुंग्यांकडे त्याचं लक्ष आठवडाभराने गेलं. पठारावर वाळलेल्या गवतात मुरमाची गोल गोल कडी रचलेली दिसतात, एकात एक, उमललेल्या फुलासारखी. दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांची ती वारुळं. भोवती गवताच्या बियांचा भुसा पडलेला असतो, दाणा आत आणि टरफल बाहेर. सकाळी गारठ्यात तिथे काहीच हालचाल नसते. ऊन कड्यांवर आलं की एक-दोन मुंग्या डोकावतात, मग रांग लागते. निहारने हे पाहिलं आणि ऊन येईपर्यंत थांबायचं म्हणून हटून बसला. खाली उतरायला उशीर झाला, आईचे फोन आले. आजोबांचा फोन खिशात वाजत होता आणि तो दोघांनीही उचलला नाही. आईने मला हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. महिनाभरापूर्वी हाच मुलगा ऑफिसमधून दिवसातून तीनदा फोन लावायला सांगत होता.

शाळेत परतणं याच काळात सुरू झालं. पहिला आठवडा फक्त ग्रंथालय, दोन तास. मग चित्रकलेचा तास आणि त्यानंतरचा एक. मग छोट्या सुट्टीपर्यंत. आईला फोन दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, दोन मिनिटं. फेब्रुवारीच्या मध्याला फोनच्या जागी आईने डब्यात ठेवलेली चिठ्ठी आली. घरी शाळा सुटायच्या वेळी कोण असेल हे रोज सकाळी फ्रिजवर लिहायचं आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची, हेही ठरलं. माझ्या मते या किल्लीचा वाटा टेकडीपेक्षा कमी नाही. भीतीला जिथे खरं कारण आहे तिथे नुसतं मन खंबीर करून भागत नाही, कुलपाची व्यवस्था लावावी लागते.

मार्चपर्यंत पठारावरची काटेसावर फुलून गेली होती, तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरायचे. निहारला नावं आता हवी होती. आजोबांना अर्ध्याहून जास्त पक्षी ओळखता येत नसत, हे त्याच्या लक्षात आल्यावर तो घरी येऊन शोधायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा घ्यायचा.

अडलं कुठे

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस टेकडी बंद पडायची वेळ आली. आईने न्यायचं की नाही? आई गेली असती तर आईपासून लांब राहण्याचा सराव थांबला असता. बाबांनी दौरे पुढे ढकलले आणि ते गेले. निहारने मला त्याचा अहवाल दिला : "बाई, बाबा टेकडीवर पण ऑफिसातच असतात." पोट दोन दिवस दुखलं, तो एक दिवस घरी राहिला. बाबांना मी फक्त एवढंच सुचवलं की फोन खाली गाडीत ठेवून बघा. त्यांनी ठेवला. पुढे आजोबा बरे झाल्यावरही दर रविवारी ते जात राहिले, आणि या घरात तो बदल लहान नव्हता.

एप्रिलमधली घटना जास्त नाजूक होती. मुरमाड पठारावर टिटवीने चार अंडी घातली होती. तिचं घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारलेली उथळ जागा. अंड्यांचा रंग आजूबाजूच्या दगडांसारखाच, दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. जवळ गेलं की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात. निहार लांबूनच बघायचा, दुसऱ्या पोरांना तिकडे जाऊ द्यायचा नाही. वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी जागा रिकामी होती. टेकडीवर भटकी कुत्री आहेत, मुंगूस आहे.

आजोबांनी तिथूनच मला फोन केला. पिल्लं निघून उडून गेली असं सांगू का? मुलगा नुकता सावरलाय, परीक्षा तोंडावर आहे. मोह समजण्यासारखा होता. पण टिटवीची पिल्लं उडत जात नाहीत, चालत जातात, आणि हे निहारला एव्हाना माहीत होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आईच्या आजारात मोठ्यांनी आपल्याला सांगितलं नाही, हीच त्याच्या भीतीची मुळी होती. खरं सांगायचं ठरलं. तो रडला. आई-टिटवी आता काय करेल, असं त्याने विचारलं. "कदाचित परत घालेल," आजोबा म्हणाले. ते खरंच आहे, हंगाम असेपर्यंत टिटवी पुन्हा अंडी घालू शकते. त्या दिवशी दुपारी तो शाळेत गेला. डब्यातली चिठ्ठी त्याने दोनदा वाचली, असं वर्गशिक्षिकांनी सांगितलं.

निष्पन्न काय झालं

एप्रिलअखेर तो पूर्ण वेळ शाळेत होता, सगळे पेपर दिले. औषधाची गरज पडली नाही. झोप दहाच्या आत लागायला लागली. पोटदुखी गेली नाही. आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी यायची, पण ती असतानाही तो जायचा, आणि आम्हाला हवं होतं ते हेच. खेळाच्या तासाचा तिटकारा जसाच्या तसा राहिला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिले चार दिवस पुन्हा रडारड झाली. दीर्घ सुट्टीनंतर हे होतं, आम्ही घरच्यांना मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही.

यात टेकडीचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. समुपदेशन, फ्रिजवरची चिठ्ठी, शेजारची किल्ली, मुख्याध्यापिकांनी मान्य केलेले अर्धे दिवस, बाबांचे कमी झालेले दौरे, हे सगळं एकाच वेळी चालू होतं. माझा अंदाज असा, की टेकडीशिवायही तो शाळेत परतला असता, पण जास्त वेळ लागला असता, आणि आजोबा 'नाटकं' म्हणायचे थांबले नसते. रोज चढावर त्याची धडधड त्यांनी शेजारी बसून पाहिली होती.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गशिक्षिका जानेवारीअखेरीस योजनेत आल्या, त्या पहिल्या बैठकीपासून हव्या होत्या. सुट्टीत फोनसाठी रडणाऱ्या मुलाला सर्वांत आधी त्याच पाहत होत्या, आणि पोटदुखीची वेळ-वार नोंद त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली होती.

सगळा भार एका आजोबांवर टाकणंही धोक्याचं होतं. ऑपरेशनची तारीख आधीपासून ठरलेली होती, म्हणजे दुसरं माणूस तयार ठेवायला वेळ होता. पुढच्या अशा प्रकरणात पहिल्याच महिन्यात दोन मोठ्यांची नावं लिहून घ्यायची, असं आता आमच्याकडे ठरलं आहे. एखादा वर्गमित्र टेकडीवर सोबत नेता आला असता का, यावरही नंतर चर्चा झाली. त्याला शाळेत बोलायला कुणीतरी मिळालं असतं. पण सुरुवातीला नाही. मार्चनंतर, निहारलाच कुणाला तरी मुंग्या दाखवाव्याशा वाटू लागल्यावर.

आणि टेकडी जवळ नसेल, न्यायला आजोबा नसतील तर? याच वर्षी आमच्याकडे अशीच एक मुलगी होती. आई-वडील दोघेही पहाटे कामाला जाणारे, घर भाड्याच्या एका खोलीत. तिच्यासाठी आम्ही शाळेचाच आवार वापरला. प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं, शिपाईमामांबरोबर झाडांना पाणी घालायचं, प्रश्न नाहीत, शेरे नाहीत. चढाची धडधड तिथे मिळत नाही, ते काम जिन्यावर दोनदा चढ-उतार करून भागवतो. मामा रजेवर असले तर पाणी कोण घालणार, हे फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच लिहिलेलं असतं.